काही नाही

अकरावी फिल्म. मणके मोजले,
एकूण एक जागच्या जागी,
दुकानात मांडलेल्या कपांसारखे.
खाली नेहमीचंच लिहिलं: काही आढळले नाही.

एदुविहिस ओयार्सून, वय चौपन्न.
खेकड्यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं
तंगड्या सोलायची, बर्फ व्हायच्या बेतातल्या पाण्यात.
डावा हात खांद्यापासून जळतो, म्हणते,
आणि बोटांना मात्र गारठाही कळत नाही.
दोन्ही एकदम कसं, एका डॉक्टरांनी विचारलं.
तिने मान खाली घातली, जणू हिशेब तिचाच चुकला.

पुंता अरेनासला वारा सुटला की
रस्त्याकडेला दोर बांधतात, धरून चालायला.
ती एकाच हाताने धरून येते.
दुसरा कोटात,
झोपलेलं पोर न्यावं तसा.

या खेपेचा कागद वेगळा होता.
मानसोपचार, दुसरा मजला.
तिने त्याची घडी घातली, मग घडीची घडी,
पार तिकिटाएवढी होईस्तोवर.
"म्हणजे मी ढोंग करते?"
मी तंत्रज्ञ. माझ्या कामाला दोनच वाक्यं लागतात,
श्वास रोखा, श्वास सोडा.
नाही हो बाई, एवढंच म्हटलं.

मग कोट चढवता चढवता, माझ्याकडे न बघता:
नवरा विचारायचा काय झालं, मी म्हणायचे काही नाही.
बहिणीला फोनवर, काही नाही.
रेनान बोटीवरून परत आला नाही
त्या वर्षीसुद्धा, दारात पाद्री, दारात शेजारीण,
काही नाही, काही नाही, बसा, चहा ठेवते.
"तुमच्या कागदावर माझंच वाक्य आहे.
शिक्का तेवढा तुमचा."

जाताना जुन्या फिल्म मागून नेल्या.
सगळ्या.

नोव्हेंबरात तिच्या गल्लीतून जाणं झालं.
परसातल्या काचघराच्या फुटक्या तावदानांत
तिचा खांदा, तिचं मनगट, तिचा कणा
चुका मारून बसवलेले.
फिल्म काळी, हाड असेल तिथूनच काय तो उजेड आत.
टोमॅटोची वीतभर रोपं
तिच्या बरगड्यांकडे कललेली.

दुसऱ्या मजल्यावर गेलात का, विचारलं नाही.
आतून तिने हात हलवला.
कुठला,
ते फिल्मच्या आडून नीट दिसलं नाही.