सत्तावीस नंबरची भिंत

घर आलं ते तुकड्यातुकड्यांनी.
केपटाउनच्या सुतारानं एकेका फळीवर लाल आकडा रंगवलेला,
एक ते बावन्न.
जुळवा आणि राहा, थ्यूनिस म्हणाला,
जहाजावर होता तो तेव्हा, कोरड्या बुटांत.

लाटेला आकडे वाचता येत नाहीत.
सत्तावीस नंबर होडी आणि खडकाच्या मधे गेला
आणि वर आला तेव्हा काटक्या होत्या.

आम्ही ट्रिस्टनचे चौघं. आम्हाला आणलं
कारण सातवी लाट कधी आणि वल्हं कधी, हे आम्हाला कळतं.
आणि कारण असं की आम्हाला एकटेपणाची सवय असेल,
असं कुणीतरी कचेरीत बसून ठरवलं.
सवय कसली? आमच्या गावात अडीचशे माणसं.
कोण कुठल्या दारात खोकलं, झोपेत कळतं.
मी तर त्या गर्दीला कंटाळून सही केली होती.
(सही म्हणजे फुली. पण पगार रोख. आमच्याकडे
आजवर सगळा हिशेब बटाट्यांत.)

जिथं घर उभं राहायचं तिथं हत्तीसील झोपलेले,
जागामालकासारखे, ढेकर देत.
काठीनं ढोसलं की एक डोळा उघडायचा,
आमची किंमत करून मिटायचा.
तिसऱ्या दिवशी आम्हीच खुंट्या उपटल्या,
चाळीस पावलं वर सरकलो.
तिथं दलदल. गुडघाभर.
रात्री तंबूत ओल्या लोकरीचा आणि पेंग्विनच्या विष्ठेचा वास,
चौथ्या दिवसापासून तो येईनासा झाला.
म्हणजे आता आम्हालाच येत असणार.

घराआधी पेटी उभी केली.
पांढरी, झडपांची, चार पायांवर,
आत पाऱ्याच्या दोन नळ्या, पाळण्यातल्या बाळांसारख्या.
दार दक्षिणेला हवं, थ्यूनिस म्हणाला,
नाहीतर ऊन पाऱ्याला फसवतं.
कुठलं ऊन? मी विचारलं.
तो हसला नाही. बावीस वर्षांचा पोरगा,
बोटं फुटलेली, दिवसातून तीनदा
वाकून आकडे टिपायचा आणि बिनतारी यंत्रावर
टिक टिक टिक पाठवायचा प्रिटोरियाला,
जणू तिथं कुणी ताटकळत बसलंय.

सत्तावीसच्या जागी काय लावावं?
किनाऱ्यावर जुन्या सील मारणाऱ्यांच्या बोटीच्या फळ्या होत्या,
तेलानं काळ्या पडलेल्या. त्या घेतल्या,
वर बीफच्या डब्यांच्या खोक्यांची लाकडं ठोकली.
भिंत झाली. फटी राहिल्या.
तिच्याजवळ झोपायला कुणी तयार होईना.

मग एका शनिवारी थ्यूनिसनं नकाशा पसरला,
दिव्याखाली, पेन्सिलीनं वर्तुळात वर्तुळं काढत बसला.
हे वादळ, म्हणाला. पश्चिमेकडून येतंय.
आणि हे तुमचं बेट.
पेन्सिलीचं टोक टेकवलं तर अख्खं गाव झाकलं.
मंगळवारी तिथून गेलं असणार.

मंगळवारी.
म्हणजे ड्रुझिलानं दोरीवरचं धुणं ओढून घेतलं असेल,
छपराच्या गवतावर दोर आवळला असेल, दातांनी,
कारण एका हातात कायम पोर.
बटाट्याची पानं काळी पडली असतील.
शिव्या दिल्या असतील. बहुतेक मला.

तिनं विणलेले मोजे आहेत माझ्या पायांत.
आमच्याकडे मोज्यावर जितके पट्टे तितकी माया,
लग्नाआधी होते चार.
या जोडीवर सात आहेत, हे मी
इथं येऊन मोजलं.

रात्री मी माझी पथारी उचलली
आणि सत्तावीसला लावली.
वेडा आहेस का, थ्यूनिस म्हणाला, गारठशील.
फटीतून शीळ येत होती, बारीक,
कधी चढी, कधी दमलेली.

सकाळी सहाला तो पेटी उघडतो.
मी कंदील धरतो, तो वहीत लिहितो:
वारा पश्चिमेचा, जोर आठ.
अजून काही? असं सवयीनं विचारतो.
मी म्हणतो, नाही,
लिही तू.