कुशीतला कापूस

बुधवारी रात्री मिंगेल तुला खाली उतरवतो,
मागच्या दाराने नेतो सामानाच्या खोलीत
आणि मेणबत्त्यांच्या खोक्यांवर फळी टाकून
आडवा करतो माझ्यापुढे.
खांद्यांना चामड्याच्या बिजागऱ्या आहेत तुझ्या,
त्या कुरकुरतात. आधी त्यांना तेल.
खोबरेल. इंजिनाचं नाही, बाबांची ताकीद होती.

रंग मात्र होडीचाच.
'सांता आना'च्या नाळेवर फिरवून उरलेला तांबडा,
डब्याच्या तळाचा, जरा घट्ट.
उत्तनच्या धक्क्यावर ज्या हाताने
मी नंबर रंगवतो, मासा रंगवतो, कुणाच्या पोरीचं नाव रंगवतो,
त्याच हाताने तुझे पाच घाव.
हे मला कधी नीट झेपलं नाही, प्रभू.

आधी पाय. मग डावा तळवा, मग उजवा.
खिळ्याच्या भोकात ब्रशचं टोक घालताना
बाबा श्वास धरायचे.
लहानपणी मी विचारलं होतं, त्याला दुखतं का?
म्हणाले, मला काय विचारतोस, मी रंगारी.

नमो मरिये, कृपापूर्णे,
माझ्या उजव्या हाताला कंप सुटलाय
दोन उपासकाळ झाले.
घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

माझी आई माशाचं डोकंही टाकत नसे.
मासे धुतलेलं पाणी माडाला,
चुलीची राख भांड्यांना,
आणि दुखणं क्रुसाला.
गुडघे धरून उठताना म्हणायची,
वाया घालवू नको रे, त्याच्याकडे जमा कर.
दुमिंगची होडी परत आली आणि दुमिंग आला नाही,
तेव्हाही ती वळणीखाली बसून
जबड्यात जबडा अडकवत बोंबील टांगत राहिली,
एक जोडी, एक नमो मरिये,
एक जोडी, एक नमो मरिये,
सूर्य पार मावळेपर्यंत.
बाबा काही बोलले नाहीत. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही.

आज तू आडवा आहेस, म्हणून विचारतो.
एवढं सगळं ठेवतोस कुठे?
आमच्या एका पाखाडीचंच घेतलं
तरी होडीचा तळ भरेल.

राहिली कूस.
तिथल्या रंगाचा पोपडा सुटला होता,
मी चाकूचं टोक लावलं, हलकेच,
आणि लाकडाऐवजी मऊ काहीतरी लागलं.
कापूस.
राळेत भिजवून, पिळून, ठोकून बसवलेला,
गळत्या होडीच्या फटीत बसवतात तसा.
हे काम मी ओळखतो.
ठोके डाव्या हाताचे होते.
बाबा डावखुरे.

कधी केलं असेल? त्याच वर्षी.
रागाने बुजवली असेल का तुझी जखम,
की पुरे आता, हिच्यातून आमच्यासाठी
काहीच बाहेर येत नाही?
की रात्री एकट्याने इथे बसून
त्यांना वाटलं असेल, आत पाणी शिरतंय,
हाही बुडेल?

मी कापूस काढला.
आत बोट घातलं, शंका म्हणून नाही,
रंगारी फट तपासतो तसं.
कोरडं होतं.
चाळीस वर्षांत एक थेंब शिरला नव्हता.
बाबा, तुमच्यासारखं काम आता कुणी करत नाही.

मग ब्रश उचलला, हात हलला,
आणि कुशीखालून बरगडीवर
तांबडा ओघळ उतरला, लांब, वाकडा.
पुसायला फडकं घेतलं तोच मिंगेल आत आला,
बराच वेळ बघत राहिला.
"राहू दे," म्हणाला. "दरवर्षी फार नीट असायचं."

शुक्रवारी घंटा मुकी. लाकडी माट्राक वाजतं,
खडाड खडाड, तीन वाजता, रिकाम्या धक्क्यापर्यंत.
होड्या सगळ्या काठाला.
बाबा पाय चुंबायच्या रांगेत कधी उभे राहिले नाहीत.
मी उभा आहे, पुढे फिलूमावशी, मागे तिचा नातू,
आणि माझा हात
खिशात त्या कापसावर,
तिथेही थरथरणारा.
अजून राळेचा वास येतो त्याला.

आता तू उघडा आहेस.
घे.