टीपा लिहा (पाच गुण)

रात्रीचे पावणेदोन. आज पाण्याचा दिवस, पाचवा.
नळाला नुसती फुरफुर, अजून हवाच येतेय.
मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, बी. ए. भाग तीन,
प्रश्न चौथा, अ : संज्ञाप्रवाह.
सगळ्यांनी गाईडातलं एकच वाक्य उतरवलंय,
मनातील विचारांचा अखंड ओघ.
अडीच. अडीच. अडीच.
एकाने लिहिलंय, मॅडम, मनात येईल ते न थांबता लिहिणे,
आणि खरंच लिहीत सुटलाय,
गड्ड्याच्या यात्रेतला पाळणा, खोलीचं थकलेलं भाडं,
पुरवणीवर पुरवणी, नंबर घालायचाही विसरलाय.
त्याला बाजूला ठेवलं.

आतल्या खोलीत नायना उठून बसलेत.
मागाशेजारी उभं राहून चाळीस वर्षांत कान गेले,
धोटा मात्र गेला नाही, कपाळात इकडून तिकडे
खटक फटक, गिरणी पडली, भोंगा भंगारात गेला
तरी भोंगा झाला, डबा कुठाय बालामणी,
जॉबर खाडा मांडील, ताणा तुटला, कोणी तोडला,
मी नाही, मी तिला नुसतं बोललो होतो
बाप बोलतोच की
गाठ मार, पुढं चाल

आणि अम्मा, सूप मांडीवर, दिवा न लावता,
पान, चिमूट, दोरा, टोक मुडप
तेवीस चोवीस पंचवीस कट्टा
तेवीस चोवीस
ओढणी निळी होती का हिरवी
पोलिसांनी विचारलं तेव्हा मी हिरवी म्हटलं
पंचवीस कट्टा
पानं ओली निघाली, उद्या मुकादम छाट काढणार
तेवीस चोवीस
नेहमी तिथंच अडखळते.
चोवीसच्या पुढं आमच्या घरात कुणी काही विचारत नाही.

अंबादासचं वाक्य त्या मार्चमध्ये सुरू झालं,
अजून पूर्णविराम आलेला नाही.
सिव्हिलचे डॉक्टर दोन पांढऱ्या, एक पिवळी देतात,
तेवढ्यापुरते स्वल्पविराम पडतात.
गॅलरीत उभा राहून तो तळ्याच्या पायऱ्या मोजतो
खालून वर मोजल्या तर माणूस वर येतं
वरून खाली मोजू नका
अक्का तू शिकलेली आहेस तू खालून मोज

मी शिकलेली आहे.
फळ्यावर खडूने लिहिते, निवेदक पात्राच्या मनात उतरतो.
उतरतो म्हणते आणि लगेच पुसते.
पोरं वहीत उतरवून घेतात. संपला तास.

नीळ्ळु वच्चिनई, खालून कोणीतरी ओरडलं.
नीर बंदवु, समोरच्या घरातून.
पानी आया रे, मोटर लगाव.
सगळी गल्ली एका अंगाने जागी झाली,
घागरी, टब, तेलाचे डबे, बॅरल,
आणि आमच्या रांगेत शेवटी, तुटक्या कडीची,
सरोजाची लाल बादली.
ती कुणाच्याच वाट्याची नाही.
तरी दर पाण्याला सकाळी काठोकाठ भरलेली असते.
अकरा वर्षं मला वाटत आलं, अम्मा भरते.

आज दाराआडून पाहिलं.
नायनांनी एक तांब्या ओतला, इकडे तिकडे बघून.
ते वळल्यावर अम्माने एक, पदराने काठ पुसून.
मग अंबादास आला, बराच वेळ पाण्यात बघत राहिला,
ओंजळीने टाकलं त्याने,
पाच वेळा, का सहा, मला मोजवलं नाही.
एकमेकांना ठाऊक नाही.
बादली थोडी उणी होती.
माझ्या हातात तांब्या होता.

परत येऊन बसले तर ओले हात
त्या मुलाच्या पुरवणीला लागले, शाई पसरली,
पाळणा, भाडं, पुढचं काहीतरी, एकच निळं झालं.
गुण द्यायचे राहिलेत.

पावणेचारला नळ गेला.
नायना म्हणाले, झाला बघ भोंगा.
नेहमी मी हाताने नाही अशी खूण करते.
आज केली नाही. मलाही काहीतरी ऐकू आलं होतं,
लांबून, गिरणीच्या बाजूनं.
हे कुणाला सांगितलं नाही.
पुढचा पेपर उघडला.