लोणा

पहिला थर मी सप्टेंबरात दिला.
वर्षभर मुरवलेला चुना, ऱ्हाइनच्या काठची वाळू,
मूठभर बकरीचे केस. माझ्या बापाची रीत.
ओळंबा सोडून पाहिला. भिंत सरळ नव्हती,
पण गोठ्याला कोण सरळ भिंत मागतं?

ऑक्टोबरच्या पावसात गिलावा फुगला.
गुडघ्यापासून कमरेपर्यंत,
वीतभरही वर नाही, खाली नाही,
पांढरा फुलोरा.
बोटावर घेऊन जिभेला लावला.
लोणा.

झ्युरिकहून आलेली आनेलीस म्हणाली, "बुरशी का?"
तिच्या हातात नकाशा होता.
इथे जेवणघर. वर, गवताच्या माळ्यावर, निजायची खोली.
ओंडक्यांमधल्या फटी तशाच ठेवायच्या,
गवताला वारा लागावा म्हणून सोडलेल्या त्या फटी,
आणि आतून काच.
म्हणजे सकाळ पट्ट्यापट्ट्यांनी येईल.
नकाशा चांगला होता. मनापासून सांगते, मला आवडला.
त्यात फक्त मूत धरलेलं नव्हतं.

दाराच्या चौकटीवर कोरलंय १८९७.
सहा गाई. ऑक्टोबर ते मे, याच भिंतीला दावण.
एकशे बारा हिवाळे.
मी बिलाच्या पाठीमागे गुणाकार करायला घेतला
आणि अर्ध्यात पेन्सिल कानावर ठेवली.

गिलावा खरवडला.
कागदाच्या लगद्याचं पोटीस बांधलं भिंतीला,
गळू झालेल्या माणसाला बांधतात तसं,
सहा आठवडे.
लगदा खार ओढत राहिला, वाळत राहिला, गळून पडला.
वसंतात दुसरा थर.
जुलैत परत तेच. तीच उंची.
आता मला वाटलं ती माझ्याकडे बघतेय.

ज्याखेन रोज चारला येई.
ज्यानं गोठा विकला तो. खाली रस्त्याकडच्या
नव्या इमारतीत राहतो, जमीन आतून तापते तिथली.
चार म्हणजे धार काढायची वेळ.
आत यायच्या आधी तो बूट काढायचा.
साठ वर्षं याच दारातून
शेणानं भरलेले बूट घालून आत गेलेला माणूस,
आता मोज्यांवर, भोकाकडचा अंगठा दुमडून, उभा.
"ही जागा ब्रुनाची," तो म्हणाला.
"तिच्यापलीकडे स्तैला. कोपऱ्यात ती लाथाळ,
तिचं नाव मी घेत नाही."
मग वाकला, आणि माझा हात धरून
एका दगडावर ठेवला.

बाकी सगळी भिंत खडबडीत.
तिथे मात्र वाटीएवढा खळगा, गुळगुळीत,
नदीतल्या गोट्यासारखा.
"चाटायच्या," तो म्हणाला. "हिवाळाभर."

म्हणजे खार त्यांनीच दिला
आणि जिभेजिभेनं परतही घेतला.
माणसं खाल्ल्या मिठाला जागतात, निदान तसं म्हणतात.
ही भिंत प्यायल्या मिठाला जागत होती,
आणि मी थापी घेऊन तिचं तोंड बंद करू पाहत होते.

तिसरा थर मी दिला नाही.
गुडघ्यापासून कमरेपर्यंत, टेबलाच्या लांबीभर,
दगड उघडा ठेवला.
बिलातून सव्वानऊ चौरस मीटर वजा केले.
आनेलीस दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं,
झाडायला कुठला ब्रश बरा.

डिसेंबरात तिनं आम्हाला जेवायला बोलावलं.
बार्लीचं सूप होतं. काचेवर बर्फ साचत होता.
दावणीच्या कड्यांना तिनं कोट अडकवले होते.
तिचा निल्स, सहा वर्षांचा,
भिंतीकडच्या बाकावर, कुणी बघत नाही असं समजून
हळूच कलला
आणि त्या खळग्याला जीभ लावली.

मी पाहिलं. ज्याखेननं पाहिलं.
आम्ही दोघंही सूप फुंकत राहिलो.

निघताना दारात बुटाच्या नाड्या बांधताना
तो माझ्या कानाशी म्हणाला,
"जागा ब्रुनाचीच घेतली पोरानं.
चांगली गाय होती."