चौथा ठोका

ग्रिम्सबी. रात्रीचे दोन वीस.
टेबलावर लेन बर्कहोम, वय एकोणऐंशी,
पन्नास वर्षे गोदीवर मासे सोलले,
उजव्या अंगठ्याच्या बुडाशी पांढरा व्रण.
आतड्याला पीळ पडला म्हणून आणलेला.
कवळी डबीत, डबीवर नाव.

झोपण्याआधी म्हणाला,
"पोरी, बर्फावरचा हॅडॉक करू नकोस माझा."
मी हसले. रोक्युरोनियम सोडले.

मिनिटभरात
पापणी, जबडा, मान, बोटे
हत्यारे खाली ठेवून उभी.
छातीचा पडदा हट्टी, तोही नमला.
नस बोलतच असते. निरोप दारापर्यंत येतो,
पण उंबऱ्यावर आधीच कुणी बसलेले,
निरोप्यासारखेच दिसणारे,
अवाक्षर न बोलणारे.

मग त्याचा श्वास मी.
दोन तास, मिनिटाला बारा.

पहाटे शेवटचे टाके.
मनगटावरच्या दोन चिकट्यांतून
मी त्याच्या नसेला चार चिमटे काढते.
एक.
दोन.
तीन, जरा मरगळलेला.
चौथ्याला अंगठा
मला अंगठा दाखवतो.

ओवेन नवा आहे, घाईत आहे.
"स्वतःहून घेतोय की श्वास. नळी काढू?"

घेतोय, खरे आहे.
डार्बीतल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात
ती शाळामास्तरीणही घेत होती.
तेव्हा आम्ही म्हणायचो, मान उचला,
उचलली की झाले.
तिने उचलली. आम्ही नळी काढली.
तिसऱ्या दिवशी ती शांतपणे म्हणाली,
"तुम्ही दोघी उशाशी सुट्टीचं बोलत होतात.
मला सांगायचं होतं, हवा पुरत नाहीये.
पापणीसुद्धा माझी राहिली नव्हती."
तक्रार केली नाही तिने.
नाताळात कार्ड पाठवले, वर रॉबिन पक्षी,
आत फक्त सही.

ते कार्ड मी फेकलेले नाही.

पूर्वी निओस्टिग्मिन द्यायचो.
निरोप गिळणाऱ्याचे तोंड बांधायचे,
उंबऱ्यावर इतकी गर्दी करायची
की कुणीतरी आत घुसेलच.
काळीज मंदावू नये म्हणून सोबत आणखी एक औषध.
आता हे साखरेचे कडे, सुगामाडेक्स.
भांडत नाही.
त्या तोतयाला पोटात घेते
आणि मूत्रातून मुकाट निघून जाते.
महाग आहे. औषधखात्याची चिठ्ठी येते दर महिन्याला,
मी ती वाचते, घडी घालते.

"थांब," मी ओवेनला म्हणते.
सर्जन घड्याळाकडे बघतो, मी अंगठ्याकडे.
खिडकीबाहेर धुक्याचा भोंगा,
बंदरात अजून कुणी येतेय.

एक. दोन. तीन.
चार.
पहिल्याच्या शंभरात ब्याण्णव.
पुन्हा चिमटे. शहाण्णव.
"आता."

खोकला, शिवीसारखा काहीतरी आवाज, नळी बाहेर.
डोळे उघडले, आणि तो माझा हात शोधू लागला.
मी दोन बोटे पुढे केली.
त्याने अंगठा असा रुतवला
जसा जिवंत माशाच्या कल्ल्यात रुतवत असेल,
निसटू द्यायचे नाही म्हणून.
दुखले.
दुखू दिले.

मग त्याने ओठ हलवले.
मी वाकले. वाटले, काही विचारेल,
जगलो का, किती वाजले.

"कवळी," लेन म्हणाला.

आणि आम्ही तिघे
ओणवे होऊन डबी शोधायला लागलो.