या बाजूला उजेड

केमियार्वीचं टपाल कार्यालय बंद झालं तेव्हा
खुर्च्या लिलावात गेल्या, तराजू रोवानिएमीला गेला,
आणि खिडकीतली मेणवेल
आम्ही सहा जणांनी वाटून घेतली.

कात्री पार्सलांची होती.
प्रत्येक कापातून दुधासारखा चीक आला.
सुलोने तो शिक्के पुसायच्या फडक्याने टिपला.
एरवी तोंड न उघडणारा सुलो म्हणाला, "हळू."

मी सगळ्यात पांढरा फुटवा उचलला.
खोटं कशाला बोलू, हावरटपणानेच.
कोवळ्या पानांवर गुलाबी झाक,
हिरव्याचा ठिपकाही नाही.
आइला म्हणाली, नशीबवान आहेस.
सुलोच्या वाट्याला बुंध्याजवळचं,
कडेला जेमतेम सायीची रेघ असलेलं,
जे कुणाला नको होतं ते.

पांढऱ्या पानाला स्वतःचं पोट भरता येत नाही
हे मला ऑक्टोबरात कळलं.
हिरवं कमावतं, पांढरं बसून खातं,
आणि कमावत्याला तर मी घरी आणलंच नव्हतं.

दिवस आक्रसत गेला: सहा तास, चार, मग
जेवणाच्या वेळी खिडकीत डोकावून गेलेला उजेड.
दिवा लावला. पाणी दिलं. घाबरून परत पाणी दिलं.
पानं कागदासारखी झाली, मग आरपार दिसू लागली.
शेवटचं मी पाकिटात घालून
पाकीट चिकटवलं.
कुठे पाठवणार होते, ठाऊक नाही.

त्यानंतर चार नाताळ
कुणी विचारलं की मी म्हणायचे, "छान आहे."
चर्चच्या पायऱ्यांवर, दुकानाच्या रांगेत, "छान आहे."

पाचव्या हिवाळ्यात, उणे सव्वीस असताना,
सुलो दारात. कोटाचं पोट फुगलेलं.
कोटात मफलर, मफलरात वर्तमानपत्र,
वर्तमानपत्रात कुंडी, कॉफीच्या मगाएवढी.
"मोठ्या कुंडीत हलवू नकोस, हिला दाटीवाटी आवडते.
पानं सुरकुतली की पाणी, आधी नाही.
फुलं गळली तरी देठ कापायचा नाही,
पुढची त्याच देठावर येतात."
इतकं त्याला एका दमात बोलताना
एकोणीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं?"
"कुणी नाही. तू तक्रारच करत नव्हतीस.
आइलाच्या वेलीवर पिठ्या ढेकूण, रायमोची फुलतच नाही.
ज्याची वेल जिवंत असते
तो कधी 'छान आहे' म्हणत नाही."

कुंडीच्या कडेला निळ्या पेन्सिलीचा बाण आहे,
नाजूक पार्सलांवर तो काढायचा तसलाच.
खाली अक्षरं: या बाजूला उजेड.
कळ्या धरल्यावर कुंडी फिरवली तर गळतात.
पहिल्या उन्हाळ्यात काच पुसताना मी फिरवलीच.
अकरा कळ्या. मोजून ठेवल्या होत्या.

यंदा जूनमध्ये, रात्र पडायची विसरते तेव्हा,
झुबका उमलला. चिनीमातीच्या चांदण्या,
मधोमध लाल टिंब, जणू कुणी शिक्का मारून पोच दिली.
सुलोला फोन केला.
"कशी आहे?"
"चिकट," मी म्हटलं. "मध गळतो,
फळी रोज पुसावी लागते. वासाने झोप नाही."
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग तो हसला असावा.