देयक क्रमांक एकेचाळीस

फाईलला दोरी बांधताना मी बघतो
गाठ कुठे येते.
वर आली तर मंजुरी, खाली गेली तर शेरा.
बावीस वर्षांत निम्म्या वेळा खरं ठरलंय.

जयगडच्या जेटीवरून चढ चढून या,
जुन्या गुदामात आमचं संग्रहालय.
तिकीट दहा रुपये.
आत नांगर, होकायंत्र, मीठ मोजायच्या पायल्या
आणि मधोमध मचवा,
छप्पर उतरवून आत घेतलेला.
बाहेर काढायचा तर पुन्हा छप्पर उतरवा.
त्याचीही निविदा निघेल कधीतरी.

तर मचव्याला भेगा पडल्या.
फळी-फळीत बोट जाईल एवढी फट.
मी घालून पाहिलं.
बोटाला अजून सुकटीचा वास.

पत्र वर गेलं. आठ महिन्यांनी खाली आलं:
जतनाचे काम बाह्य यंत्रणेमार्फत करावे.
अट सात, वार्षिक उलाढाल पन्नास लाख.
अट नऊ, तत्सम कामाचा अनुभव, दाखल्यासह.
तीन लिफाफे आले, तीन गावांहून.
तिन्हींत जयगडचा ड चुकून ढ झालेला.
मी साहेबांना दाखवलं.
साहेब म्हणाले, शुद्धलेखन ही अट नाही.

काम ठाण्याच्या कंपनीला.
कंपनीने दिलं कोल्हापूरच्या फर्मला,
फर्मने रत्नागिरीच्या एका पोराला,
ज्याच्याकडे गाडी होती आणि दोन फोन.
आणि ते पोर एका सकाळी जेटीवर येऊन विचारत होतं,
लाकडी होडीचं काम कोण करतं हो इथं?

जाळी विणणाऱ्यांनी मान वर न करता
हात तेवढा वर केला, सोलकरांच्या घराकडे.

हसनमिया सोलकर. वय बहात्तर.
पिशवीत कलफाताची छिन्नी, काथ्या,
पाण्याच्या बाटलीत उंडीचं तेल.
दारावरचा रखवालदार, तोही एजन्सीचा, नागपूरकडचा,
म्हणाला, तिकीट.
त्यांनी दहा रुपये दिले, तिकिटाची घडी टोपीत खोचली.

मचव्याभोवती एक फेरी.
मग नाळेशी वाकून अंगठ्याने एक जागा पुसली.
"हा वांक उलटा बसलाय," म्हणाले.
"बापानं मारलं होतं मला ह्याच्यापायी."

मी फलकाकडे पाहिलं नाही.
फलकावर आहे, निर्माता: अज्ञात.
मराठीत एकदा, इंग्रजीत एकदा.
फलकांचं बिल वेगळं, चोवीस हजार,
ते मागच्या वर्षीच गेलं.

नऊ दिवस ठोके पडत होते.
काथ्या फटीत जायचा, वर राळ, वर तेल.
शाळेची सहल आली ती मचव्याकडे पाठ करून
त्यांच्याभोवतीच बसली.
मजुरी दिवसाला सातशे.
नवव्या दिवसाचे बाकी.

आता हे माझ्यासमोर, देयक एकेचाळीस.
तज्ज्ञ मनुष्यबळ, प्रतिदिन नऊ हजार.
विशेष वनस्पतिजन्य संरक्षक द्रव, वीस लिटर.
म्हणजे ती बाटली.
प्रवास, निवास, पर्यवेक्षण, आकस्मिक.
एकूण चार लाख बारा हजार.
बेरीज दोनदा केली. बरोबर आहे.
बेरजेला कोण विचारतं की ती कशाची.

मार्च संपत होता. पंखा फिरत होता.
मी सही केली.
खाली उजवीकडे, जिथे नेहमी करतो.
गाठ वर आली.

मग तिकिटांची वही काढली.
स्थळप्रत सापडली, अकरा तारखेची,
जमा: रुपये दहा.
एवढ्या व्यवहारात तेवढीच एक रक्कम
देणाऱ्याच्या हातातून घेणाऱ्याकडे
मधे कुठेही न थांबता आली होती.

काल मासळीच्या लिलावात भेटले.
"बिल निघालं का ओ तुमचं?"
"निघालं."
"मग येतील," म्हणाले,
आणि बांगड्याचे कल्ले उचलून बघू लागले,
ताजा आहे का.